आधी मोजणी, मग मांडणी

पंढरपूरच्या मंदिर परिसराचा कॉरिडॉर २०२२ पासून गाजतो आहे. काशी विश्वनाथाच्या धर्तीवर विठ्ठल मंदिराभोवतीची दाटी हटवायची आणि रुंद मार्ग काढायचा, अशी ती कल्पना. रहिवासी आणि व्यापारी विरोधात रस्त्यावर उतरले, वारकऱ्यांतही मतभेद झाले आणि सर्वांना विश्वासात घेऊनच काम करू, असे सरकारने वेळोवेळी सांगितले. या सगळ्या गदारोळात वास्तुविशारद, नगररचनाकार आणि स्थापत्य अभियंते यांचा आवाज मात्र क्षीणच राहिला. कॉरिडॉर हवा की नको, यावर मत द्यायला आपली गरज कोणालाच नाही. पण गर्दी किती, ती कुठे तुंबते, तुंबलेली कशाने सुटेल, हे सांगणे आपलेच काम आहे. ते आपण केले नाही, म्हणून चर्चा भावनेच्या आणि मोबदल्याच्या पलीकडे गेली नाही.

साध्या गणितापासून सुरुवात करू. विठ्ठलाचे दर्शन हे पदस्पर्शाचे दर्शन आहे. प्रत्येकाने पुढे येऊन पायांवर डोके ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. माणशी दोन सेकंद धरले, तर मिनिटाला तीस, तासाला अठराशे आणि देवाला क्षणभरही विश्रांती न देता चोवीस तासांत ४३,२०० जण होतात. आषाढीला पंढरीत येणाऱ्यांची संख्या काही लाखांत असते. बाहेरचा रस्ता वीस फुटांचा असो की दोनशे फुटांचा, गाभाऱ्यातला हा वेग त्याने एका माणसानेही वाढत नाही. मंदिराजवळ कितीही मोठे पटांगण केले, तरी त्याचे काम रांगेला उभे राहायला जागा देणे एवढेच. मग ही जागा मंदिरालगतच, जुनी वस्ती पाडून का हवी, या प्रश्नाचे उत्तर आराखडा करणाऱ्याने आधी द्यायला हवे. दर्शनबारी आजही गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. टोकन घेऊन ठरल्या वेळी दर्शनाला येण्याचे प्रयोगही सुरू झाले आहेत. रांग गावाबाहेर सावलीत, पाणी आणि स्वच्छतागृहांसह थांबवणे आणि टप्प्याटप्प्याने आत सोडणे हा तुलनेने स्वस्त उपाय आहे. तो पुरा पडतो का, हे आकड्यांनी तपासल्याशिवाय महागड्या आणि परत न फिरवता येणाऱ्या उपायाकडे वळणे व्यवसायाच्या शिस्तीत बसत नाही.

यावर चेंगराचेंगरीची भीती पुढे केली जाते, आणि ती खोटी नाही. २००३ च्या नाशिक कुंभात रामकुंडाकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर ३९ जणांचे प्राण गेले. २००५ मध्ये मांढरदेवीला चढणीच्या वाटेवर अडीचशेहून अधिक माणसे दगावली. पण जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजला मौनी अमावास्येच्या पहाटे सरकारी आकड्यानुसार ३० जण मेले, ते गल्लीबोळात नव्हे. संगमाचा तो काठ विस्तीर्ण आणि मोकळा होता. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसे दाटली की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. जाणारे आणि येणारे समोरासमोर आले, उतारावर कोणी घसरले किंवा वाट मध्येच अडली, की ही घनता काही मिनिटांत गाठली जाते. मोकळी जागा गर्दीला आवताण देते आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी जमवते. सुरक्षितता येते ती एकेरी वाटांनी, मधल्या थांब्यांनी, रुग्णवाहिकेसाठी राखलेल्या मार्गाने आणि घनता सतत मोजून वेळीच प्रवाह रोखण्याने. त्यासाठी एखादे घर हलवावे लागले, एखादा कोपरा छाटावा लागला, तर त्याला कोणी जाणता माणूस हरकत घेणार नाही. मात्र नेमके कोणते घर आणि कोणता कोपरा, हे प्रवाहाच्या अभ्यासातून ठरले पाहिजे.

दुसरी गोष्ट आहे पंढरपूरच्या रचनेची. वारकऱ्याची वारी केवळ गाभाऱ्यात पूर्ण होत नाही. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नामदेव पायरीवर माथा, नगरप्रदक्षिणा आणि कीर्तन हे सगळे मिळून वारी होते. आषाढीला असंख्य वारकरी कळसाला हात जोडून, प्रदक्षिणा घालून समाधानाने परततात. म्हणजे जुना गाव हाच या तीर्थाचा विस्तारित मंडप आहे. प्रदक्षिणा मार्ग, महाद्वार, चौफाळा, पश्चिमद्वार, घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्या, फडांचे मठ, धर्मशाळा, होळकर वाडा, शिंदे सरकारांचे द्वारकाधीश मंदिर हे वेगवेगळे सुटे नग नाहीत. माडीवरच्या खोल्या, ओसऱ्या, चौक हे सगळे वर्षातून चार वाऱ्यांना माणसे सामावण्यासाठीच घडत गेले. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघीला पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरी उतरणारी कुटुंबे आहेत. एक लाखाच्या आसपास वस्तीचे गाव काही दिवसांसाठी कित्येक पट फुगते आणि पुन्हा आटोपते, ते या लवचीक वस्तीच्या बळावर. मंदिराभोवतीचा हा पट्टा काढला, तर वारकऱ्यांना सामावणारी हजारो माणसांची जागा जाईल आणि तेवढ्यांची सोय दुसरीकडे नव्याने करावी लागेल. हा खर्च कुठल्याही आराखड्याच्या जमाखर्चात आम्हाला दिसलेला नाही.

काशीचे उदाहरण सतत दिले जाते, तर तेही नीट पाहू. डिसेंबर २०२१ मध्ये खुला झालेल्या त्या प्रकल्पासाठी तीनशेहून अधिक मिळकती खरेदी केल्या गेल्या आणि सुमारे तीन हजार चौरस फुटांचा परिसर पाच लाख चौरस फुटांच्या घरात गेला. मंदिरापासून गंगेपर्यंत थेट वाट झाली, वृद्धांची सोय झाली, हे मान्य करायला हवे. पण त्याच कामात घरांच्या पोटात दडलेली चाळीसच्या वर जुनी मंदिरे समोर आली. त्यातून आपण घ्यायचा धडा एकच आहे. पाडकाम सुरू झाल्यावर वारसा सापडणे, हे सर्वेक्षण न झाल्याचे लक्षण आहे. शिवाय काशीत रोजची गर्दी हा मुख्य प्रश्न, तर पंढरपुरात चार वाऱ्यांची लाट. दोन गावांचा आजार वेगळा असताना औषध एकच कसे चालेल?

पंढरपुरातही याचा पडताळा आला आहे, आणि तो मंदिरातच. ७३ कोटींहून अधिक रकमेचे मंदिर संवर्धनाचे काम २०२४ मध्ये हाती घेतले, तेव्हा १५ मार्चपासून पदस्पर्श दर्शन थांबवले आणि २ जूनला पुन्हा सुरू केले. गाभाऱ्यातली चांदी उतरली, मागच्या पिढीने हौसेने बसवलेली ग्रॅनाइटची फरशी उखडली, रंगाचे थर निघाले आणि खाली मूळ काळा दगड दिसला. काम चालू असतानाच मे अखेरीस हनुमान दरवाजाजवळ एक तळघर उघडले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. ज्या फरशीवरून रोज हजारो भाविक चालत होते, तिच्या खाली काय आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. मंदिराची ही स्थिती असेल, तर शेजारच्या वाड्यांच्या जोत्याखाली, आडांत आणि बळदांत काय आहे, याचा अंदाज बांधून जेसीबी लावणे धाडसाचे आहे. आपल्या व्यवसायाने या कामाकडून शिकण्यासारखे आणखी एक आहे. ग्रॅनाइट बसवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना देवाच्या दारी चकचकीतपणा आणायचा होता. आज तीच चमक काढायला पैसे मोजावे लागले.

वारसा म्हटले की यादवकालीन शिल्प किंवा चौऱ्याऐंशीचा शिलालेख डोळ्यांसमोर येतो. पण १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलाचे दार दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. अशा वास्तूंचे मोल दगडाच्या वयावर ठरत नाही. १०० मीटर प्रतिबंधित आणि २०० मीटर नियंत्रित क्षेत्राचे कवच केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांनाच मिळते. गल्लीतला साधा मठ किंवा वाडा त्यात येत नाही. त्याला वाचवायचे तर नगरपरिषदेने वारसा यादी करून ती अधिसूचित करायला हवी. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहे. यादीच नसेल, तर ती तरतूद कागदावर राहते.

नदीचा विचार तर या वादातून जवळजवळ बाहेरच पडला आहे. पंढरपूरला येणारे पुराचे पाणी एकट्या उजनीचे नसते. वीर धरणातून सुटलेले नीरेचे पाणी नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि दोन्ही लोंढे एकत्र आले की व्यासनारायण झोपडपट्टी, अंबिकानगर यांसारख्या सखल वस्त्या पहिल्यांदा बुडतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा, या दोन्ही प्रत्येक नकाशावर आधी काढल्या पाहिजेत. त्यांच्या आत कायमचे काँक्रीट ओतणे म्हणजे पुढच्या पुराची तयारी. १४ ऑक्टोबर २०२० रोजी मुसळधार पावसात कुंभार घाटाजवळ नव्याने बांधलेल्या घाटाची भिंत कोसळली आणि सहा जणांचा जीव गेला. भिंतीमागे साचलेल्या पाण्याचा दाब, निचऱ्याची भोके, भरावाची प्रत हे पदविकेच्या वर्गात शिकवले जाते. त्या ढिगाऱ्याची आठवण प्रत्येक घाटाच्या रेखांकनावर सही करताना ठेवावी. वाळू उपशाने पात्रात पडलेले खड्डे स्नानाला उतरणाऱ्यांच्या जिवावर उठतात आणि मुळा-मुठेतून भीमेत उतरणारे पुणे परिसराचे सांडपाणी चंद्रभागेपर्यंत पोहोचते. नदीकाठ सुशोभित करून यातले काहीही सुटत नाही.

तात्पुरत्या व्यवस्थेत किती ताकद असते, याचा अनुभव पंढरपुरानेच दिला आहे. चंद्रभागेच्या वाळवंटातील वस्तीवर उच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यानंतर ६५ एकरांचा भक्तिसागर तळ उभा राहिला. तिथे पाणी, शौचालये, वीज आणि दवाखाने यांची सोय करून दिंड्यांना जागा वाटून दिली जाते. वारी उठली की जमीन पुन्हा मोकळी. असे आणखी तळ चारही दिशांच्या पालखी मार्गांवर झाले, तर मध्यावरचा भार किती उतरेल, हे मोजणे कठीण नाही.

राहता राहिला प्रक्रियेचा प्रश्न. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवण्याची आणि सुनावणीची वाट घालून दिली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि पुनर्वसन यांना स्थान दिले. थेट खरेदीचा मार्ग धरला की हे टप्पे मागे पडतात आणि चर्चा घरमालकाच्या दरावर येऊन थांबते. पण मंदिराभोवती घरमालक मोजके आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले पुष्कळ. भाडेकरू, पोटभाडेकरू, चुरमुरे-बत्तासे, बुक्का आणि तुळशीच्या माळा विकणारे, टाळ-मृदंग दुरुस्त करणारे यांच्या नावावर सातबारा नसतो की मालमत्ता पत्रक. पुनर्वसनाच्या यादीत ते यावेत असे वाटत असेल, तर दारोदार फिरून केलेली नोंद लागते.

हे सगळे लिहिताना जुने ते सारे जपा, असे आम्हाला म्हणायचे नाही. मंदिराभोवतीच्या कित्येक इमारती धोकादायक आहेत, मध्येच उभी राहिलेली उंच लॉज कोणत्या परवानगीने उठली हे विचारण्याजोगे आहे, लोंबत्या तारा आणि तुंबलेली गटारे यांचे समर्थन कोणी करू नये. या गावाला हस्तक्षेप हवा आहे. फक्त तो वर्षभराच्या अभ्यासानंतर यावा, चित्रफितीतल्या त्रिमितीय दृश्यानंतर नव्हे. नाशिक-त्र्यंबकेश्वरला २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गोदावरीच्या पात्रात पूर्वी ओतलेल्या काँक्रीटने प्राचीन कुंड झाकले गेले आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला, हे तिथल्या अभियंत्यांनीही विसरू नये.

आपल्या वाचकांकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. सल्लागार म्हणून असे काम तुमच्याकडे आले, तर चार गोष्टींशिवाय आराखड्यावर सही करू नका: चारही वाऱ्यांतील गर्दीची तासागणिक मोजणी, प्रत्येक मिळकतीचे मोजमाप आणि वारसा नोंद, पूररेषांसह नदीचा नकाशा आणि बाधित भोगवटादारांची यादी. किमान दोन पर्याय खर्चासह मांडा आणि त्यांत एक न पाडता करायचा असू द्या. ग्राहक सरकार असले, तरी हा हट्ट धरता येतो. वास्तुकला महाविद्यालयांनी येत्या कार्तिकी आणि माघी वारीला विद्यार्थ्यांचे गट पाठवून एकेका गल्लीची, एकेका मठाची मोजमापे घ्यावीत. ती छापण्यासाठी या मासिकाची पाने खुली आहेत. मोजमाप हाती असेल, तर शासनाशीही बोलता येईल आणि पंढरपूरकरांशीही. ते काम याच वर्षी सुरू करा.