साचलेले पाणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या कडोलीच्या शाळेत एक प्रसंग घडला. त्यात अपराध माझाही होता, म्हणूनच तो वाचकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

सातवीतला एक मुलगा भाजीने भरलेल्या ट्रॉलीवरून पडला. डोक्याला मार बसला. बेळगावच्या इस्पितळात सीटी स्कॅन झाले. मेंदूच्या पृष्ठभागावर थोडे रक्त सांडलेले दिसले; परंतु शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. दहा दिवसांनी तो घरी आला. आईने देवापुढे नारळ फोडला आणि काही दिवसांत पोर वर्गात येऊन बसले.

पुढे मात्र तो बदलत गेला. सकाळी डोके दुखते म्हणून उशिरा येई, दुपारी बाकावर पेंगत असे. मोत्यासारखे त्याचे अक्षर विसकटले. चालताना पाय फाकवून, जमीन न सोडता टाकू लागला. मी त्याला साऱ्या वर्गासमोर उभे करून बोललो. वडील म्हणाले, ‘‘गुरुजी, निव्वळ आळस हो त्याचा. तुम्हीच जरा कान पिळा.’’ एके दिवशी वर्गातच त्याची चड्डी ओली झाली. मुले हसली. त्याने मान वर केली नाही, आणि माझ्या मनात चर्र झाले. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन बेळगाव गाठले.

डॉक्टरांनी आधी जुनी फिल्म मागितली. धाकट्या भावाने ती ग्रहण पाहण्यासाठी पळवली होती (त्या कामाला ती सुरक्षित नव्हेच!). आईने ती ट्रंकेत दडवून ठेवली होती, म्हणून निभावले. नवे स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी दोन्ही चित्रे उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावली.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांना मस्तिष्क-विवरे म्हणतात. त्यांत पाण्यासारखा नितळ मस्तिष्क-मेरुद्रव तयार होतो. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. पण दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा स्रवतो आणि तेवढाच रक्तात शोषला जातो. मार्कंडेय नदीकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही: पाटाची मोरी गाळाने तुंबली की पाणी पिकात पसरते. सांडलेल्या रक्ताचा गाळ या शोषणाच्या वाटा तुंबवतो. विवरे फुगतात आणि मेंदू आतून दाबला जातो. यालाच जलशीर्ष म्हणतात. अपघातानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही ते उद्भवते.

नुसती विवरे मोठी दिसली म्हणून निदान होत नाही, हेही डॉक्टरांनी बजावले. माराने मेंदू आक्रसला तरी विवरे मोठी दिसतात. मात्र तेव्हा मेंदूवरच्या घड्याही रुंदावतात. आमच्या मुलाच्या घड्या दाबल्या गेल्या होत्या आणि विवरांच्या कडांना झिरपलेल्या द्रवाच्या काळपट पट्ट्या होत्या. जुन्या चित्रात यातले काहीच नव्हते. शंका उरल्यास एमआरआयच्या एका खास पद्धतीने हृदयाच्या ठोक्यासरशी हलणारा हा प्रवाहही पाहता येतो.

हे पाहणे एके काळी केवढे कठीण होते! १९१८ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी विवरांतला द्रव काढून तेथे हवा भरली आणि क्ष-किरणांनी चित्र घेतले. मुंबईत १९५० च्या दशकात डॉ. राम गिंडे यांच्या पिढीने मेंदूशस्त्रक्रियेचा पाया घातला, तेव्हा रोग्यासाठी क्लेशदायक अशा हवेच्या तपासण्यांवाचून दुसरा मार्ग फारसा नव्हता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बेळगावात ते चित्र काही मिनिटांत निघते. पण रोग्याला यंत्रापर्यंत नेणारे माणूस मात्र आपल्यालाच व्हावे लागते.

डॉक्टरांनी विवरातून पोटापर्यंत कातडीखालून झडपेची बारीक नळी बसवली. चार दिवसांत डोकेदुखी थांबली. चाल सुधारली, अक्षर बरेचसे परत आले. पाढे म्हणताना अजून अडखळतो. नळी पुढे तुंबू शकते, म्हणून डोकेदुखी, उलट्या वा गुंगी यांवर घरच्यांना कायमची नजर ठेवावी लागणार आहे.

वाचकहो, आपण इंदुरास असा, हैदराबादेस असा वा आमच्यासारखे सीमाभागात. डोक्याला मार लागलेले माणूस बरे होऊन पुन्हा मंदावू लागले, तर त्याला आळशी म्हणू नका. वृद्ध असेल तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. बदल तारीखवार लिहून ठेवा, पहिली फिल्म जपा आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.

शाळेत परतलेल्या त्या मुलाची मी त्याच वर्गासमोर क्षमा मागितली. तो ओशाळून म्हणाला, ‘‘असू दे, गुरुजी.’’