सेवाव्रत आणि राजधर्म

इस्तंबूल, ट्यूनिस, अलेक्झांड्रिया येथे अध्यापनात हयात घालवून १९७१ साली, वयाच्या बासष्टीत, कॅथॉलिक संन्यासिनी सिस्टर इमॅन्युएल कैरोच्या कचरावेचकांत राहावयास गेल्या. १९९३ पर्यंतच्या त्यांच्या वास्तव्यात तेथे शाळा व दवाखाने उभे राहिले. २००८ साली त्या निवर्तल्या. पुढच्याच वर्षी स्वाइन फ्लूच्या धास्तीने इजिप्तच्या सरकारने डुकरांची सरसकट कत्तल केली. ओला कचरा फस्त करणारी ही जनावरेच त्या लोकांची पुंजी होती. ती बुडाली आणि शहराच्या रस्त्यांवर उकिरडे साचले. सेवाव्रत एखादी पिढी शिकवून शहाणी करील. तिच्या तोंडचा घास मात्र सरकारचा एक हुकूम हिरावून नेतो. सेवेचा गौरव सोपा आहे. न्याय हे राज्यकर्त्यांचेच कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.