आकाशातील गायरान

एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात आकाशातून धातूचे भले मोठे कडे पडले. चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले. खाली पडणाऱ्या अशा तुकड्यांची बातमी होते. खरा धोका मात्र खाली न पडणाऱ्यांचा आहे. निकामी उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे टप्पे आणि स्फोटांतून उडालेले तुकडे पृथ्वीभोवती सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरत आहेत. एक सेंटीमीटरहून मोठे असे तुकडे दहा लाखांवर असल्याचा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे आणि एवढा तुकडाही चालता उपग्रह बंद पाडू शकतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. जानेवारी २००७ मध्ये चीनने क्षेपणास्त्राने स्वतःचाच हवामान उपग्रह फोडला आणि तीन हजारांहून अधिक तुकडे अवकाशात पसरविले. १० फेब्रुवारी २००९ रोजी रशियाचा निकामी 'कॉसमॉस २२५१' व अमेरिकेचा चालू 'इरिडियम ३३' सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. तेथे हवा अतिविरळ असल्याने अवशेष कित्येक दशके फिरत राहतात. एका टकरीतून दुसरी उद्भवेल आणि ही साखळी वाढत जाईल, असा इशारा डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच दिला होता.

मग उपाय का होत नाही? कारण अवकाश हे गावाचे गायरान झाले आहे. गुरे चारण्याचा लाभ ज्याचा त्याला. उजाड झालेल्या रानाचे नुकसान सर्वांना. १९७२ च्या दायित्व करारान्वये अवकाशातील हानीची भरपाई मागायची तर दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागतो. नखाएवढ्या तुकड्याचा धनी शोधायचा कोणी?

उरलेले इंधन काढून टाकून स्फोट टाळणे आणि काम संपताच उपग्रह खाली आणणे, हे मार्ग ज्ञात आहेत. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये त्यासाठीची २५ वर्षांची मुदत ५ वर्षांवर आणली. पण नुसता नियम पुरेसा नाही. तो पाळण्यात लाभ दिसला पाहिजे. साधे वाचनालयही पुस्तक देण्यापूर्वी अनामत घेते. उपग्रह सोडणाऱ्याकडूनही ती घ्यावी. मुदतीत उपग्रह उतरविल्यास परत द्यावी, अन्यथा सफाईच्या कामी लावावी.

जुना कचरा मुख्यतः अमेरिका, रशिया व चीन यांनी केला असल्याने त्याचा भार त्यांनीच उचलावा, ही मागणी रास्त आहे. मात्र ती करणाऱ्याचे स्वतःचे वर्तन चोख हवे. भारताने ७ मार्च २०२३ रोजी 'मेघा-ट्रॉपिक्स-१' उरलेल्या इंधनाच्या साह्याने पॅसिफिक महासागरावर सुरक्षितपणे उतरविला; २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचा संकल्पही सोडला. परंतु मार्च २०१९ मध्ये भारतानेही उपग्रह फोडण्याची चाचणी केली. ती कमी उंचीवर केली असली, तरी काही तुकडे अपेक्षेपेक्षा अधिक काळ फिरत राहिले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अशा चाचण्या थांबविण्याचे आवाहन करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाला १५५ देशांनी पाठिंबा दिला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. हवामानाचा अंदाज, दळणवळण आणि मच्छीमारांना मिळणारी वादळाची सूचना ज्या देशात उपग्रहांवर अवलंबून आहे, त्याला या प्रश्नी तटस्थता परवडणारी नाही.