कीबोर्ड बदला म्हणण्याआधी दोष दाखवा

लॅपटॉपची चार बटणं चालेनाशी झाली की दुकानात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: 'कीबोर्ड गेलाय, बदलावा लागेल.' तपासणी न करता दिलेलं हे उत्तर म्हणजे निव्वळ अंदाज असतो आणि त्या अंदाजाचे पैसे ग्राहकाच्या खिशातून जातात. विद्यार्थ्याचा प्रकल्प, छोट्या दुकानाचा हिशेब, सेतू केंद्रातले अर्ज अशी किती तरी कामं आज या बटणांवर अडून असतात, त्यामुळे घाईत माणूस 'बदला' म्हणून मोकळा होतो. माझं म्हणणं असं आहे की, कीबोर्ड बदलायला सांगण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे ग्राहकाला दाखवून देणं दुरुस्ती करणाऱ्यावर बंधनकारक असावं. हा दोष शोधता येतो. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत, बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

आधी ज्या तक्रारींमध्ये कीबोर्डाचा काहीच दोष नसतो, त्या पाहू. विंडोजमध्ये उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर 'फिल्टर कीज' नावाची सोय सुरू करायची का, असं विचारणारी चौकट येते. न वाचता 'हो' म्हटलं की संगणक झटकन दाबलेली बटणं मोजतच नाही. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी ती सोय मोलाची आहे. बाकीच्यांना मात्र कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. छोट्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला की 'जे', 'के', 'एल' दाबल्यावर १, २, ३ उमटतात. मराठीत टंकन करणाऱ्यांच्या वाट्याला तर आणखी एक घोळ येतो. आपण रोज दोन आराखड्यांवर काम करतो, आणि डावीकडचं आल्ट व शिफ्ट चुकून एकत्र दाबलं गेलं की इंग्रजीचा इन्स्क्रिप्ट होऊ शकतो. मग 'एच' दाबल्यावर 'प' येतो, 'जे' दाबल्यावर 'र' येतो आणि 'डी' दाबल्यावर हलन्त. 'बटणं उलटसुलट झाली' अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला नवा कीबोर्ड विकला तर घरी जाऊन त्याची तक्रार तशीच राहणार, कारण नव्या कीबोर्डवरही 'जे' दाबल्यावर 'र'च येईल.

म्हणून पहिली तपासणी ठरलेली असावी. यूएसबीचा दुसरा कीबोर्ड लावायचा. त्याच्यावरही तोच त्रास दिसला तर दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा मांडणीत आहे. तो नीट चालला तर लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड किंवा त्याची रिबन केबल संशयित ठरते. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसमध्ये जाऊन बाणांची बटणं दाबून पाहणं हीसुद्धा चांगली कसोटी आहे. तिथे जे बटण चालतं आणि विंडोजमध्ये चालत नाही, त्याच्यासाठी पेचकस काढायचं कारण नाही.

दोष खरोखर आतला असेल, तरी तो कुठला हे बंद पडलेली बटणंच सांगतात. कीबोर्डावर शंभराच्या आसपास बटणं असली तरी प्रत्येकाला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या वाहिन्यांची एक जाळी असते, आणि दोन वाहिन्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक बटण. साध्या कीबोर्डात ही जाळी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर छापलेली असते. मधल्या पापुद्र्याला भोकं असतात आणि बटण दाबलं की वरचा पापुद्रा त्या भोकातून खालच्याला टेकतो. एकच बटण अडत असेल तर त्याखाली बहुधा धूळ, खाद्याचा कण किंवा फाटलेला रबर असतो, आणि बटणाची टोपी काढून साफ केल्यावर बऱ्याचदा काम होतं. पाच-सात बटणं एकदम गेली आणि बाकीची ठणठणीत असतील, तर एखादी वाहिनी तुटली आहे किंवा रिबन केबल नीट बसलेली नाही. अशी बटणं शेजारी-शेजारीच असतील असंही नाही, कारण जाळीची रचना आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या ओळींप्रमाणे नसते. न दाबताच एखादं अक्षर उमटत राहिलं तर बटण रुतलं आहे किंवा पापुद्र्यांमध्ये ओल शिरली आहे. चहा सांडला असेल तर पाणी सुकतं, साखर मात्र तिथेच चिकटून राहते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवाही छापील वाहिन्यांना गंजवते. आणि एक लक्षण दुकानदाराने कधीही नजरेआड करू नये: मधली बटणं वर उचलल्यासारखी दिसत असतील, टचपॅड फुगला असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. अशा लॅपटॉपमध्ये नवा कीबोर्ड बसवून तो परत देणं म्हणजे ग्राहकाच्या हाती धोका देणं आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. चार-पाचशे रुपयांत नवा कीबोर्ड मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? टेबलावरच्या संगणकाच्या बाबतीत हे मला मान्य आहे. दोष सॉफ्टवेअरचा नाही एवढी खात्री झाल्यावर जुना कीबोर्ड खुशाल बदलावा. पण लॅपटॉपचं गणित वेगळं आहे. अनेक मॉडेलांत कीबोर्ड वरच्या आवरणाला प्लास्टिकच्या वितळवलेल्या रिव्हेटांनी जोडलेला असतो. एका बटणापायी आख्खं आवरण बदलायला सांगितलं जातं, आणि काही यंत्रांत त्या आवरणाला बॅटरीही चिकटवलेली असते. अ‍ॅपलने २०१५ मध्ये बारा इंची मॅकबुकमध्ये आणलेल्या बटरफ्लाय कीबोर्डाची कथा इथे आठवावी. बटणं इतकी उथळ होती की धुळीच्या कणानेही ती अडत किंवा एका दाबात दोन अक्षरं उमटवत. कंपनीचाच सल्ला होता की लॅपटॉप ७५ अंशांच्या कोनात धरून डबाबंद हवेचा फवारा मारा, मग तो फिरवून पुन्हा मारा. जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीस सोळा इंची मॅकबुक प्रोपासून तिने जुन्या धाटणीची बटणं परत आणली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला सामूहिक दावा, दोष कबूल न करता, पाच कोटी डॉलर देऊन मिटवायची तयारी दाखवली. एवढ्या मोठ्या कंपनीचा कीबोर्डही रचनेतच चुकू शकतो. तेव्हा प्रत्येक बंद बटणाचं खापर ग्राहकाच्या हाताळणीवर फोडणं न्याय्य नाही.

उत्पादक म्हणतात, पातळ आणि मजबूत यंत्र हवं तर भाग एकमेकांत गुंतवावेच लागतात. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांत खालचे स्क्रू काढून कीबोर्ड सुटा करता येतो, सांडलेलं पाणी बाहेर जायला वाट ठेवलेली असते आणि दुरुस्तीची पुस्तिका कुणालाही वाचायला मिळते. फ्रेमवर्क कंपनी तर ग्राहकाने स्वतः भाग बदलावेत याच हिशेबाने लॅपटॉप बनवते. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. त्यात भाग सुटे होतात का, मिळतात का, केवढ्याला मिळतात, हे सगळं मोजलं जातं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं. समितीने प्राधान्याच्या क्षेत्रांत मोबाइल आणि टॅबलेट घेतले. लॅपटॉपलाही तीच निकड आहे, त्याचे गुणही खोक्यावर छापले गेले पाहिजेत.

दुरुस्ती करणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. तपासणीला वेळ जातो, आणि ग्राहक फक्त बदललेल्या भागाचे पैसे द्यायला तयार असतो. मग कारागीर भाग बदलण्याकडेच झुकणार. ही अडचण खरी आहे आणि तिची जबाबदारी आपल्यावरही येते. तपासणीचं शुल्क वेगळं आकारावं, ते दर्शनी फलकावर लिहावं आणि ग्राहकाने ते कुरकुर न करता द्यावं. नुसती मांडणी बदलून यंत्र सुरू झालं तरी त्या ज्ञानाचा मोबदला कारागिराला मिळायलाच हवा. त्या बदल्यात निदान लेखी मिळावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटी मानली आहे. म्हणून पुढच्या वेळी लॅपटॉप दुरुस्तीला देताना पावतीवर दोन गोष्टी लिहून मागा: कोणती बटणं चालत नाहीत, आणि बाहेरचा कीबोर्ड लावल्यावर काय झालं. बदललेला जुना भाग परत मागा. दुकानदाराने किंवा सेवा केंद्राने टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.