पहिल्या पसंतीआधी चार वर्षांचा हिशेब

जुलैत तालुक्याच्या गावातले नेट कॅफे रात्री उशिरापर्यंत उघडे असतात. बारावी झालेला मुलगा, दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून उभी असलेली आई आणि संगणकापुढे कॅफेवाला. गेल्या वर्षीचे कटऑफ बघत तोच सुचवतो, ‘कॉम्प्युटर वर टाकू, मग एआय.’ पिशवीतून उत्पन्नाचा दाखला निघतो, नॉन-क्रिमिलेअर निघते. चार वर्षांत एकूण किती पैसे लागतील, हा विषय मात्र फॉर्म भरून होईपर्यंत निघत नाही.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशात घरे फसतात ती इथे. 2025 पासून ही चूक जास्त महागात पडते. ‘कॅप’च्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले तर ती जागा घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसरीत पहिल्या सहांना हाच नियम आहे. ‘आधी नाव तर लागू दे, फीचं मग बघू’ म्हणायला आता जागा उरलेली नाही.

सरकारी मदत आहे, आणि ती लहान नाही. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. हा निर्णय मोलाचाच आहे. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, 5 टक्के जागांवरही शिक्षण शुल्क लागत नाही. पण त्या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. तो पसंतीक्रमात भरलाच नाही, तर चांगले गुण असूनही ती जागा मिळत नाही.

मात्र माफी होते ती शिक्षण शुल्काची. खोली, मेस, लॅपटॉप आणि सुटीत घरी येण्याचे एसटीचे भाडे घरालाच भरावे लागते. लातूरची मुलगी पुण्यात शिकते तेव्हा आई-बापाचे कंबरडे बहुतेकदा या खर्चाने मोडते.

मग कर्ज येते. वर्षाला दीड लाख, म्हणजे चार वर्षांत 6 लाख, व्याज 10 टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, म्हणून घर निर्धास्त राहते. सरळ व्याज मात्र चढत असते. पाचव्या वर्षाअखेर ते 2 लाख 10 हजार होते. मुद्दल आणि व्याज मिळून 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण 10,700 रुपये. तीन-साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागलेल्या मुलाच्या हातात महिन्याला 25 हजारांच्या आसपास पडतात. त्यातून पुण्यातली खोली आणि मेस वजा केली की घरी पाठवायला काय उरणार? शिकतानाच व्याज भरत गेले तर अनेक बँका दरात 1 टक्का सवलत देतात. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने बँकेत हे आवर्जून विचारावे.

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा रस्ताही आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, किंवा आधी नोकरी धरून पुढचे नंतर ठरवता येते. गावाजवळ पॉलिटेक्निक असेल तर खोली-मेसचा खर्चही वाचतो. तरी डिप्लोमा म्हटले की नातेवाईक नाके मुरडतात. त्यांचे ऐकून कर्ज काढणाऱ्या घरांनी एवढे लक्षात घ्यावे की हप्ता नातेवाईक भरणार नाहीत.

खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. सीईटी कक्षाने तोच आकडा पसंतीक्रमाच्या फॉर्मवर प्रत्येक कोडशेजारी दाखवावा, आणि कॉलेजांनी वसतिगृह-मेससह चार वर्षांचा एकूण खर्च माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावा. तोवर आई-वडिलांनी कॅफेत जाण्याआधी एका संध्याकाळी मुलासोबत वही घेऊन बसावे आणि प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे हा खर्च स्वतःच मांडावा.