चैत्रातलं बोलावणं

हल्ली कुणाला घरी बोलवायचं म्हटलं की आधी यादी होते. यादी बघता बघता पंचवीसवर जाते, मग ‘एवढ्यांचं घरी कुठे जमणार’ म्हणून हॉलची चौकशी सुरू होते आणि शेवटी सगळंच पुढे ढकललं जातं. मुलांच्या परीक्षा झाल्यावर करू, घराला रंग दिल्यावर करू. ज्यांच्याशी एक दिवसाआड फोनवर बोलतो त्यांच्या घरी जाऊन वर्षं उलटलेली असतात, आणि याचं कुणाला फारसं काही वाटेनासंही झालं आहे. मला वाटतं. म्हणून आज चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाबद्दल लिहिते आहे. थोड्या माणसांना घरी कसं बोलवावं, याचा इतका समंजस नमुना मला दुसरा माहीत नाही.

गौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपणाला राहते. म्हणजे पुरता महिना हाताशी. त्यातला सोयीचा एक दिवस आपण निवडायचा. मंगळवार-शुक्रवार पाळणाऱ्या घरांनी तो पाळावा, नोकरी करणारीने शनिवार धरावा. संध्याकाळी पाच ते आठ अशी वेळ सांगितली की कुणी ऑफिसातून परस्पर येतं, कुणी नातवाला खेळायला सोडून येतं. एका वेळी घरात सात-आठ माणसं असतात. एक उठते तेव्हा दुसरी चपला काढत असते, आणि जाणारीची येणारीशी दारातच ओळख होते. आठांच्या वर माणसं झाली की खोलीत दोन-तीन गट पडतात आणि कोपऱ्यात बसलेलं माणूस एकटं राहतं, असं मी नेहमी पाहते.

पण खरी गंमत खाण्यात आहे. आंब्याची डाळ, पन्हं, काकडी, कलिंगडाची फोड, ओटीला भिजवलेले हरभरे. यातलं काहीही गरमागरम वाढावं लागत नाही! हरभऱ्याची डाळ सकाळी चार-पाच तास भिजवायची, चांगली निथळून घ्यायची आणि हिरव्या मिरचीबरोबर भरड वाटायची. मिक्सर थांबत थांबत फिरवावा, पाण्याचा थेंबही घालू नये. डाळ गुळगुळीत झाली की तिची चटणी होते. मग किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरचीची फोडणी सढळ हाताने करावी, पण गार झाल्यावरच डाळीवर ओतावी. कैरी आंबट निघाली तर किस कमी घाला, साखर वाढवत बसू नका. पन्ह्याचा गर तर आदल्या दिवशीच करून ठेवता येतो. कैऱ्या उकडायच्या, गर काढून त्यात गूळ, वेलची आणि मीठ घालायचं. आयत्या वेळी फक्त गार पाणी मिसळायचं. पाच वाजता घरच्या बाईच्या हाताला काही काम उरत नाही. ती साडी नेसून बाहेर येऊन बसू शकते.

ही साधी गोष्ट आपण विसरलो आहोत. पाहुणे बाहेर हसताहेत आणि जिने बोलावलं ती आत पुऱ्या तळते आहे, हे दृश्य मला सहन होत नाही. पाच पदार्थ केले याचं कौतुक होतं, पण आपली मैत्रीण नव्या नोकरीबद्दल काय सांगत होती ते तिला कळलेलंच नसतं. पदार्थ कमी करावेत. माणसांशेजारी बसायला मिळावं म्हणून करावेत.

आरासही बेताची असावी. पितळी पाळण्यात गौर, मोगरा आणि दारात चैत्रांगण. गौरीची पावलं, तुळशीवृंदावन, चंद्र-सूर्य, गाय, शंख अशी चिन्हं रांगोळीने काढायची असतात आणि फ्लॅटच्या दारासमोरच्या हातभर जागेतही ती छान मावतात. प्रत्येक पाहुणीच्या हाती भेटवस्तू ठेवण्याची नवी पद्धत मात्र मला मुळीच मान्य नाही. एकीने स्टीलचा डबा दिला की दुसरीला काचेचा बाऊल द्यावासा वाटतो, आणि तिसरी पुढच्या वर्षी कुणाला बोलवतच नाही. भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी पुरेशी आहे. घरी जाऊन त्याची उसळ होते.

एका बाबतीत मात्र जुन्या रीतीला स्पष्ट नकार द्यायला हवा. हळदीकुंकू सवाष्णींचं, म्हणून घरातल्याच विधवा काकूने डाळ वाटायची आणि बायका आल्या की आतल्या खोलीत जायचं, हे आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी पाहिलं आहे. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एका गावाला जे चारचौघांत ठरवता आलं, ते आपल्या दिवाणखान्यात ठरवायला कुणाची परवानगी हवी? मी सगळ्यांना बोलावते आणि सगळ्यांपुढे करंडा धरते. फक्त एक करते, आधी एकटीला फोन करून विचारते. काहींना कुंकू नको असतं. त्यांना गजरा द्यावा, अत्तर लावावं आणि त्याचा बोभाटा करू नये. लोकांदेखत आग्रह केला तर त्या बाईचा दुसऱ्यांदा अपमान होतो. पुरुषांनीही यावं, डाळ खावी, पन्ह्याचे पेले भरावेत.

बोलावणं मात्र फोन करून किंवा दार वाजवून करावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेल्या आमंत्रणाला अंगठे भरपूर येतात, पण येणार कोण ते कळत नाही. एकट्या राहणाऱ्या, शहरात नव्याने आलेल्या माणसाला तर ते आपल्यासाठी आहे असंही वाटत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राजस्थानातलं एक कुटुंब नुकतंच राहायला आलं आहे. त्यांना सांगायला गेले तेव्हा तिथल्या सासूबाईंनी मला आत बसवून घेतलं. होळीनंतर सुरू होणारी त्यांची गणगौर चैत्र शुद्ध तृतीयेलाच पुरी होते. म्हणजे त्यांची गौर निघते त्या दिवशी आमची बसते. डाळ न शिजवता खायची हे त्यांना अजून पटलेलं नाही. शनिवारी साडेपाचला त्या येणार आहेत, आणि माझं ‘काही आणू नका’ न ऐकता घेवर आणणार आहेत.