मूठभर तांदूळ आणि विसावा हिस्सा

मिझोराममधली चर्चे २०२१ पासून म्यानमारमधून जीव वाचवून आलेल्या चिन आदिवासींना सांभाळत आहेत. हा विषय आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत काढला की तीन ठरलेली उत्तरे येतात. एक, हा मिशनऱ्यांचा धर्मांतराचा डाव आहे. दोन, ते आपल्याच रक्ताच्या माणसांना मदत करतात, त्यात काय मोठेसे? तीन, म्यानमार हा बौद्ध देश आहे. त्याच्याविरुद्ध बोलून आपणच आपल्या धम्माची बदनामी कशाला करायची? ही तिन्ही उत्तरे चूक आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातले तिसरे तर आंबेडकरी माणसाच्या तोंडी शोभतच नाही.

आधी घडले काय ते पाहू. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले. चिन राज्यातल्या लोकांनी विरोध केला. हे लोक आदिवासी आणि बहुसंख्येने ख्रिस्ती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थांतलांगवर तोफा डागल्या गेल्या. पेटलेले घर विझवायला निघालेल्या एका तरुण पाद्र्याला सैनिकांनी गोळ्या घातल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच गावातली दीडशेहून जास्त घरे जाळली. सुमारे दहा हजार वस्तीचे गाव ओस पडले. चिन राज्यातून माणसे तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये येत राहिली आणि त्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली.

आपल्या केंद्र सरकारने काय केले? १० मार्च २०२१ ला ईशान्येतल्या राज्यांना पत्र पाठवले : येणाऱ्यांना रोखा, आलेल्यांना परत पाठवा, निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे कायद्याचा आधारही नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना उलट पत्र लिहिले की हे आमचे बांधव आहेत, त्यांच्या दुःखाकडे आम्ही पाठ फिरवू शकत नाही. पण पत्राने पोट भरत नाही. पोट भरले ते चर्चने, यंग मिझो असोसिएशनने आणि गावोगावच्या साध्या माणसांनी. छावण्या उभ्या राहिल्या, धान्य आणि कपडे जमले. निर्वासितांच्या मुलांना सरकारी शाळांत प्रवेश मिळाला.

आता पहिला आक्षेप : धर्मांतराचा डाव. चिन लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत. त्यांना पुन्हा ख्रिस्ती करणार काय? पण खरा प्रश्न त्याहून मोठा आहे. ही 'डाव' वाली भाषा आपली नाही, ती शाखेतून आलेली आहे आणि मोबाईलवरून आपल्या पोरांच्या तोंडात बसली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी धर्म बदलला तेव्हा त्यांनाही हेच ऐकवले गेले की यांना कुणीतरी फितवले, यांना स्वतःची अक्कल नाही. धर्म बदलणे हा ज्यांच्या मुक्तीचा मार्ग ठरला, त्यांनी दुसऱ्याच्या धर्मांतरावर संशय घ्यावा, यासारखी कृतघ्नता नाही.

आज धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, अशी डीलिस्टिंगची मागणी होत आहे. आपल्यातले काही जण त्यावर गप्प आहेत, काही तर मान डोलावतात. अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडावे लागले, हे विसरलात का? धर्म बदलला म्हणून हक्क काढून घेणे म्हणजे काय, हे चौतीस वर्षे आपल्या आईबापांनी भोगले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान ते आजही भोगत आहेत. भीमा कोरेगाव प्रकरणात तुरुंगात टाकलेले आणि ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच वारलेले चौऱ्याऐंशी वर्षांचे स्टॅन स्वामी कोण होते? झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी आयुष्य घालवलेले एक पाद्रीच ना?

चर्चवर टीका करायची नाही असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांची कडक चिकित्सा केली आहे. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याच्यावरच्या सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज लढायला उतरला नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. चर्चमध्ये जात आहे, हे दलित ख्रिस्ती कार्यकर्ते स्वतःच ओरडून सांगतात. पण नीट लक्षात घ्या. बाबासाहेबांची तक्रार होती की चर्च अन्यायाविरुद्ध पुरेसे करत नाही. शाखेची तक्रार आहे की चर्च काही करतेच का. या दोन तक्रारी एक नाहीत, एकमेकींच्या विरुद्ध आहेत. आपल्या खानदेशातच पाहा. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनऱ्यांनी सुरू केलेला ख्रिस्ती दवाखाना भिल्ल, मावची, गावित माणसांच्या गरजेला कित्येक दशके उभा आहे. त्यांच्या हेतूची चौकशी जरूर करा, पण त्या पाड्यांत आपण कुठे होतो याची चौकशी त्याआधी करा.

दुसरा आक्षेप : रक्ताच्या माणसांनाच मदत. यात तथ्य आहे. मिझो आणि चिन हे एकाच वंशाचे, मधली सीमा इंग्रजांनी आखलेली. शिवाय मिझोंना आठवण आहे. मार्च १९६६ मध्ये भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर बॉम्ब टाकले, तेव्हा कित्येक मिझो पळून त्याच चिन डोंगरांत गेले होते. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९७ मध्ये याच मिझोराममधून हजारो ब्रू आदिवासींना त्रिपुरात पळावे लागले आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी छावण्यांत काढला. मिझोराममधले चकमा बौद्ध आहेत आणि दुजाभावाची त्यांची तक्रार जुनी आहे. म्हणजे जी करुणा चिन माणसापर्यंत पोचली, ती ब्रू आणि चकमा माणसापर्यंत पोचताना अडखळली.

पण यावरून मिझोंना हिणवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेच्या पुढे मैत्री ठेवली आहे, आणि ती प्राणिमात्रापर्यंत नेली आहे. रक्ताच्या नात्यापलीकडे जाण्याची जबाबदारी त्यामुळे आपल्यावर जास्त येते. आपल्यातले किती जण पोटजात ओलांडून सोयरीक करतात, हे ज्याचे त्याने तपासावे.

तिसरा आक्षेप : बौद्ध देशाची बदनामी. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे आराकानचे, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या राखाइनचे. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या देशाशी आपले नाते खरे आहे, आणि म्हणूनच आपण बोलायला हवे. त्याच राखाइनमधून २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना हाकलले गेले. 'मा बा था'सारख्या संघटनांतल्या भिक्खूंनी चीवर अंगावर ठेवून मुसलमानांविरुद्ध द्वेष पेरला. थांतलांग जाळणाऱ्या लष्कराचा प्रमुख मिन आंग ह्लाइंग याने २०२३ मध्ये नेपिडॉला संगमरवराची प्रचंड बुद्धमूर्ती उभारली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या विमानांनी सागाइंगमधल्या पाझिजी गावावर बॉम्ब टाकून शंभराहून अधिक माणसे मारली. ते गाव तर बौद्धबहुल भागातले.

मग बदनामी कोण करतो? मूर्ती उभारून माणसे मारणारा, की त्याचे नाव घेणारा? २००७ मध्ये याच लष्कराविरुद्ध हजारो भिक्खू रस्त्यावर उतरले होते, त्यांनी धम्माची बदनामी केली का? इथे रामाच्या नावाने माणूस मारला की आपण मोर्चा काढतो. तिथे बुद्धाच्या नावाने मारला की आपली दातखीळ बसते. हा दुटप्पीपणा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला बौद्ध केले ते माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. कुठल्या राष्ट्राची किंवा लष्कराची वकिली करण्यासाठी नाही.

"आपलेच दुःख थोडे आहे का?" असेही कुणी विचारेल. चाळीसगावकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. २३ ऑक्टोबर १९२९ ला बाबासाहेबांचा टांगा इथे उलटला, पायाचे हाड मोडले, ही गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. सवर्ण टांगेवाल्याने अस्पृश्याला न्यायला नकार दिला, म्हणून सवय नसलेल्या आपल्या माणसाने टांगा हाकला, हेही सांगतो. पण ते खानदेशात कशासाठी आले होते हे सांगायचे राहून जाते. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. तिच्या पूर्ण नावातच दलित वर्ग आणि आदिवासी जमाती हे दोन्ही शब्द होते. त्या कामावर असतानाच, धुळे लाइनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले आणि हा अपघात झाला. म्हणजे आदिवासीचा प्रश्न आपल्या वारशात पहिल्यापासून आहे, तो बाहेरून आणलेला नाही.

राहिला प्रश्न पैशाचा. मिझो घरांत शंभर वर्षांहून जुनी एक रीत आहे, तिला 'बुहफाइ थाम' म्हणतात. भात टाकताना बाई शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते. ते तांदूळ चर्चचे. बाया ते गोळा करतात, विकतात आणि त्या पैशातून चर्चचे काम चालते. समाजमाध्यमांवर ज्यांना 'राइस बॅग' म्हणून, तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकला म्हणून शिव्या दिल्या जातात, तीच माणसे रोज स्वतःच्या पातेल्यातला तांदूळ काढून देतात. ज्या समाजाला रोज द्यायची सवय आहे, त्याला संकट आल्यावर वर्गणीची पावतीपुस्तके शोधत बसावे लागत नाही.

आपल्याकडे ही व्यवस्था नाही का? आहे, फक्त पडून आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचे सांगितले. आणखी मागे जायचे तर चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत जा. तिथल्या खांबांवर पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी घराण्याच्या दानाची नोंद दोन हजार वर्षांपासून कोरलेली आहे. राजाने नव्हे, दुकानदाराने दिलेले दान. आणि आपला विसावा हिस्सा आज कुठे जातो? डीजेच्या भिंतींत आणि पुढाऱ्यांच्या फोटोंच्या बॅनरात.

म्हणून आमचे तालुक्यातल्या प्रत्येक विहाराला तीन गोष्टींचे आवाहन आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी म्यानमारच्या लष्कराने बुद्धाच्या नावाआड चालवलेल्या हत्यांचा निषेध करणारा ठराव करा, आणि तो जाहीर वाचा. डीलिस्टिंगच्या विरोधात आदिवासी संघटनांच्या मोर्चात निळा झेंडा घेऊन उतरा, बोलावण्याची वाट पाहू नका. आणि विसावा हिस्सा जमत नसेल तर मूठभर धान्यापासून सुरुवात करा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याच तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबांची पोरे शाळेत टिकवायची तर गावात त्यांच्या जेवणाची सोय लागते. पहिली मूठ तिथे जाऊ द्या.

तिआउ नदीपर्यंत आपला हात कदाचित पोचणार नाही. भिल्लवाड्यापर्यंत न पोचायला मात्र काहीही कारण नाही.

जयभीम! जय संविधान!